नव्या घराचे पूर्वनियोजन व अर्थनियोजन (जालना जिल्हा)

घराचे पूर्वनियोजन म्हणजे नव्या घराचे प्रत्यक्ष बांधकाम सुरू करण्यापूर्वी कुटुंबाने घ्यावयाच्या निर्णयांची मालिका होय. घराची गरज ठरविणे, उपलब्ध पैशाचा हिशेब मांडणे, जागेची मालकी व वापर तपासणे, माती आणि पाणी पाहणे, आराखडा व अंदाजपत्रक तयार करणे, कर्जाची किंवा शासकीय अर्थसाहाय्याची तजवीज करणे आणि बांधकाम परवानगी मिळविणे या तिच्या मुख्य पायऱ्या आहेत. या पायऱ्यांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. साठविलेली सर्व रक्कम आधी भूखंडात गुंतविली आणि त्या भूखंडावर कर्ज किंवा परवानगी मिळत नाही असे नंतर कळले, तर पुढील सर्व पायऱ्या अडून राहतात. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या संदर्भात या पायऱ्यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी हे त्याचे आठ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन, मोसंबी ही येथील महत्त्वाची पिके असून जालना शहर बियाणे उद्योग व लोखंडी सळयांचे कारखाने यांसाठी ओळखले जाते. जालना शहरात २०२३ पासून महानगरपालिका आहे.

मराठवाड्यातील जुनी घरे प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची असत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर असे माळवदाचे स्वरूप असे. अशी घरे खणाखणाने वाढत. दगड, माती, लाकूड हे साहित्य बहुधा परिसरातलेच असे आणि हाती पैसा आला की पुढचा खण उभा राही. काम थांबले तरी थांबलेल्या काळाचे व्याज द्यावे लागत नसे. मात्र ही बांधणी भूकंपाला तोंड देणारी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून फार मोठी जीवितहानी झाली.

आजचे घर सिमेंट, सळई, वाळू आणि मजुरी या रोखीने विकत घ्याव्या लागणाऱ्या गोष्टींवर उभे राहते आणि त्यासाठी पुष्कळदा कर्ज काढावे लागते. त्यामुळे काम रखडले की कर्जाचे व्याज, राहत्या घराचे भाडे आणि साहित्याची भाववाढ असा तिहेरी भार पडतो. 'घर पाहावे बांधून' या म्हणीतील इशारा खर्चाइतकाच या दिरंगाईलाही लागू पडतो. स्लॅबपर्यंत येऊन थांबलेले, वर गंजक्या सळया राहिलेले घर हे बहुतेक वेळा चुकलेल्या क्रमाचे फळ असते.

गरज व क्षमता ठरविणे

पहिली पायरी कागदावरची असते. घरात आज किती माणसे आहेत, पुढील दहा वर्षांत शिक्षण, विवाह, वार्धक्य यांमुळे ही संख्या कशी बदलेल, शेतीची अवजारे, धान्य किंवा जनावरे यांसाठी जागा लागेल काय, वृद्धांसाठी तळमजल्यावर शौचालय व झोपण्याची खोली हवी काय, या प्रश्नांच्या उत्तरांतून घराचे किमान क्षेत्र ठरते. हवेसे वाटणारे आणि आवश्यक असलेले यांच्या दोन वेगळ्या याद्या केल्यास पुढे काटछाट सोपी जाते. पायाची रचना भावी मजल्याचा विचार करून आधीच ठरविली, तर वरचा मजला नंतर बांधता येतो. पाया मात्र मागाहून बदलता येत नाही.

त्याच बैठकीत पैशाचे तीन रकाने मांडावेत. पहिल्यात आज हाती असलेली रक्कम, दुसऱ्यात दरमहा किंवा दर हंगामाला निश्चितपणे बाजूला काढता येणारी रक्कम आणि तिसऱ्यात आधीची देणी लिहावीत. मुलांचे शिक्षण, आजारपण व पुढील पेरणी यांसाठी लागणारा पैसा घराच्या हिशेबात धरू नये.

बचत कोठे ठेवली आहे, हाही या टप्प्यावरचा गंभीर प्रश्न आहे. बँकांतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. थोड्या जादा व्याजासाठी घराची सर्व पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणे त्यामुळे जोखमीचे ठरते.

जागेची मालकी व वापर

जागेच्या तपासणीत दोन प्रश्न वेगवेगळे असतात. विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि त्या जागेवर घर बांधता येते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते.

शेतजमिनीसाठी सात-बारा उतारा व त्यावरील फेरफार, नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक आणि गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हे प्राथमिक कागद होत. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे. ती एकटी मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेण्यात आले. असे पत्रक उपलब्ध असल्यास ते मिळवून घ्यावे. वकिलाकडून मागील साधारण तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घेणे आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून चतुःसीमा निश्चित करणे हे त्यापुढील काम होय.

जिल्ह्याचा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील इनाम, देवस्थान, वक्फ व कूळहक्काच्या जमिनींचे प्रश्न आजही सात-बारावर दिसतात. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद किंवा इतर अधिकारांच्या रकान्यात कूळ, इनाम, वक्फ असा उल्लेख असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना व्यवहार करू नये. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा या भागापुरता लागू असलेला कायदा असल्याने पश्चिम महाराष्ट्रातील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. गायरान जमिनीची खासगी विक्री होऊच शकत नाही.

वडिलोपार्जित जागेवर घर बांधताना सहहिस्सेदारांचा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीनुसार एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणून बहिणींचा हिस्सा गृहीत धरून वाटणीपत्र किंवा त्यांच्या स्वेच्छेने झालेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी व्हावे. घर उभे राहिल्यावर हा विषय निघाला, तर घर आणि नाते दोन्ही अडचणीत येतात.

शंभर रुपयांच्या बाँडपेपरवर नोटरीसमोर केलेल्या करारामुळे स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदविलेले खरेदीखत आवश्यक असते. नोंदणी शुल्क मूल्याच्या १ टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये असते. मुद्रांक शुल्क क्षेत्रानुसार बदलते आणि ते करारातील किंमत व शासनाचे वार्षिक बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल तीवर आकारले जाते.

अकृषिक वापर व गुंठेवारी

शेतजमिनीवर घर बांधण्यासाठी तिचा वापर अकृषिक असावा लागतो. व्यवहारात यालाच 'एनए' म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचे निवासी वापरासाठी रूपांतरण, ठरलेला कर व शुल्क भरल्यावर, झाल्याचे मानण्याची तरतूद करण्यात आली होती. विकास आराखड्यात निवासी म्हणून दाखविलेल्या जमिनींसाठीही सुलभ तरतुदी आहेत. या तरतुदी वेळोवेळी बदलत असल्याने चालू नियम तहसील कार्यालयातून समजून घेणे इष्ट असते.

शहराच्या कडेला शेताचे एकेक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याच्या प्रथेला गुंठेवारी म्हणतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदी कायदा, १९४७ नुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध घालण्यात आले. त्यांतील क्षेत्रमर्यादा व सवलती शासन वेळोवेळी बदलत आले आहे. जुनी गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीस लागू करण्यात आली.

गुंठेवारीतील भूखंड मंजूर अभिन्यासातील भूखंडापेक्षा स्वस्त असतो आणि कमी उत्पन्नाचे कुटुंब त्याकडे वळते, हे स्वाभाविक आहे. तथापि मंजूर अभिन्यास, अकृषिक आदेश व स्वतंत्र उतारा नसलेल्या भूखंडावर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. मग घराचा खर्च महाग खासगी कर्जातून भागवावा लागतो आणि भूखंडात वाचलेली रक्कम व्याजात निघून जाते. म्हणून इसार देण्यापूर्वीच कागदपत्रांच्या प्रती बँकेच्या शाखेत दाखवून 'या जागेवर कर्ज मिळेल काय' हे विचारणे, ही सर्वांत स्वस्त तपासणी होय. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडविकास प्रकल्पातील भूखंड घेताना, तो प्रकल्प महारेराकडे नोंदविलेला आहे काय, हेही पाहावे.

माती व पाणी

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती आहे. ही माती पाणी मुरल्यावर फुगते आणि वाळल्यावर आकसून भेगाळते. उथळ पाया या हालचालीबरोबर हलतो आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. त्यामुळे काळी माती ओलांडून मुरूम किंवा खडकापर्यंत पाया नेणे, जोत्याच्या पातळीवर सलग तुळई बांधणे आणि जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरमाची भर घालणे असे उपाय केले जातात. मातीचा थर फार खोल असल्यास तळाशी फुगीर असलेल्या खास खांबांचा पाया घ्यावा लागतो. मुरूम चार फुटांवर आहे की बारा फुटांवर, यावर पायाचा खर्च अवलंबून असल्याने अंदाजपत्रकापूर्वी एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाहावे. शेजारच्या विहिरीच्या किंवा नव्या बांधकामाच्या खोदाईवरूनही प्राथमिक अंदाज येतो.

जिल्ह्यातील पाऊस अनियमित असून २०१२-१३ च्या दुष्काळाची तीव्र झळ या भागाला बसली होती. काँक्रीटवर उष्ण व कोरड्या हवेत किमान दहा दिवस पाणी मारणे आवश्यक मानले जाते. टँकरच्या भरवशावर भर उन्हाळ्यात स्लॅब टाकल्यास खर्च वाढतो आणि पाणी कमी पडले तर ताकदही घटते. आराखड्यातच पागोळ्यांचे पाणी साठविण्याची टाकी धरणे येथे उपयुक्त ठरते. १०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस झाल्यास सुमारे ६०,००० लिटर पाणी पडते. गळती व वाफ वजा जाता त्यातील मोठा भाग साठविता किंवा कूपनलिकेत मुरविता येतो.

आराखडा व अंदाजपत्रक

गुत्तेदाराने सांगितलेला चौरस फुटाचा दर म्हणजे घराची किंमत नव्हे. उदाहरणादाखल, ७०० चौरस फुटांचे घर आणि १,८०० रुपये दर धरल्यास बांधकामाचा खर्च १२,६०,००० रुपये होतो. त्यात आराखडा व परवानगी शुल्काचे ४०,०००, शोषखड्डा किंवा मलटाकी, पाण्याची टाकी, कूपनलिका, वीजजोडणी व कुंपणभिंत यांचे २,००,००० आणि आकस्मिक खर्चासाठी बांधकामाच्या १० टक्के म्हणजे १,२६,००० रुपये मिळविले, तर एकूण रक्कम १६,२६,००० रुपये होते. हे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. स्थानिक दर घेऊन प्रत्येकाने ते पुन्हा मांडावेत. दोन बेरजांमधील ३,६६,००० रुपयांची तफावत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच रकमेअभावी घरे गिलाव्याविना राहतात.

अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून परिमाणांसह अंदाजपत्रक घेतल्यास किती सिमेंट, किती सळई, किती वाळू लागेल हे कळते व दरांची तुलना करता येते. जालन्यात सळईचे उत्पादन होत असल्याने ती सहज मिळते. तरीही भारतीय मानक चिन्ह पाहूनच ती घ्यावी. वाळूची टंचाई व दर सतत बदलत असल्याने दगडाच्या भुकटीपासून केलेल्या कृत्रिम वाळूचा पर्यायही आराखड्याच्या वेळीच तपासावा.

अर्थपुरवठा

गृहकर्ज: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के रक्कम देता येते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे; प्रत्यक्ष कर्ज उत्पन्न व परतफेडीची क्षमता पाहून ठरते. उरलेला भाग स्वतः घालावा लागतो. १० लाखांहून अधिक मूल्याच्या घरासाठी मुद्रांक व नोंदणीचा खर्चही या मूल्यात धरला जात नाही. म्हणून सर्व बचत भूखंडात घालण्यापूर्वी हा स्वहिस्सा वेगळा काढणे आवश्यक असते.

मुदतीचा परिणाम पुढील उदाहरणावरून कळतो. १० लाख रुपयांच्या कर्जावर ९ टक्के दराने २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये पडतो आणि एकूण परतफेड सुमारे २१.५९ लाख होते. मुदत १५ वर्षे केल्यास हप्ता सुमारे १०,१४३ रुपये होतो, पण एकूण परतफेड सुमारे १८.२६ लाखांवर येते. दरमहा ११४६ रुपये अधिक भरल्याने ३ लाखांहून अधिक रक्कम वाचते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही. त्यामुळे चांगल्या हंगामातील जादा रक्कम मुद्दलात भरता येते.

बांधकामासाठीचे कर्ज एकरकमी मिळत नाही. जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांची पाहणी होऊन ते वितरित होते. प्रत्येक टप्प्याचे काम आधी स्वतःच्या पैशाने पुढे न्यावे लागते, हे न कळल्याने काम थांबते. शेतकरी कुटुंबांचे उत्पन्न मासिक नसून हंगामी असते. त्यामुळे मासिक हप्त्याऐवजी पिकाच्या हंगामाशी जुळणारे हप्ते मिळतील काय, याची चौकशी अर्ज करतानाच करावी. तारण न देता झटपट मिळणाऱ्या खासगी कर्जाबाबत सावधगिरी हवी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे.

शासकीय साहाय्य: प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तीत सपाट प्रदेशातील पात्र लाभार्थ्यास किमान २५ चौरस मीटर घरासाठी १,२०,००० रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. त्यास रोजगार हमीतील ९० दिवसांच्या अकुशल मजुरीची आणि शौचालयासाठी १२,००० रुपयांची जोड देण्यात आली. २०२५ मध्ये राज्य शासनाने ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली. जागा नसलेल्या घरकुल लाभार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी आणि इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत. शहरी भागात २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० लागू असून, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांचा तिच्यात समावेश होतो. पक्के घर असलेली कुटुंबे या योजनांत अपात्र ठरतात. मंजुरीपूर्वी काम सुरू केल्यास लाभ अडचणीत येऊ शकतो. अनुदान हे घराच्या संपूर्ण खर्चाचे पर्यायी साधन नसून एक हिस्सा आहे, असे समजून घराचा आकार ठरवावा.

परवानगी व करार

बांधकाम परवानगी कोणाकडून घ्यावयाची, हे जागेच्या स्थानावर अवलंबून असते. जालना शहरात महानगरपालिका, अंबड, परतूर व भोकरदन येथे नगरपरिषद आणि बदनापूर, जाफ्राबाद, मंठा व घनसावंगी येथे नगरपंचायत हे प्राधिकरण आहे. गावठाणात ग्रामपंचायत परवानगी देते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लहान भूखंडांवरील घरांसाठी कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. परवानगीतील नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक पडल्यास भोगवटा प्रमाणपत्र आणि कर्जाचा पुढचा टप्पा दोन्ही अडू शकतात.

गुत्तेदाराशी लेखी करार करावा. केवळ मजुरीचा गुत्ता की मालासहित, मोजमापाची पद्धत, साहित्याचा दर्जा, कामाचे टप्पे व त्यांनुसार रक्कम, मुदत आणि दोष दुरुस्तीची जबाबदारी या बाबी त्यात याव्यात. उचल दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या पुढे जाऊ नये, हे या कराराचे मुख्य सूत्र असते.

कामाचा क्रम व वेळ

वरील विवेचनावरून पूर्वनियोजनाचा क्रम असा होतो: कौटुंबिक गरज व पैशाचा हिशेब; जागेची मालकी, वापर व कर्जयोग्यता; माती व पाणी; आराखडा व अंदाजपत्रक; स्वहिस्सा, कर्ज व अनुदान यांची लेखी निश्चिती; परवानगी; करार; आणि शेवटी भूमिपूजन. यांपैकी एखाद्या पायरीवर नकार मिळाल्यास तिच्या आधीच्या पायरीकडे परतावे लागते. इसार देण्यापूर्वी असे परतण्याचा खर्च काही कागदांचा व फेऱ्यांचा असतो. पाया खोदल्यानंतर तो लाखांत जातो.

या भागात पावसाळा संपून जमीन वापसली की पाया खोदणे सोयीचे असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास काम सुरू केल्यास विहिरींना पाणी असताना स्लॅब पूर्ण होऊ शकतो आणि पुढच्या मृगापूर्वी छत तयार होते. त्यासाठी कागदपत्रे, कर्ज व परवानगी यांची कामे आधीच्या उन्हाळ्यातच हाती घ्यावी लागतात. अंदाजपत्रक क्षमतेबाहेर जात असल्यास घराचे क्षेत्र कमी करणे, एखादी खोली पुढील टप्प्यात घेणे किंवा बांधकाम एक वर्ष पुढे ढकलणे हे पर्याय उपलब्ध असतात आणि पायाभरणीपूर्वी यांपैकी कोणताही पर्याय कुटुंबाला कर्जबाजारी करीत नाही.